स्मरण आणि वर्तमान क्षण

मनुष्याच्या दुःखाचा विचार करू लागले असता असे दिसून येते की, चालू घडीचे दुःख त्याला बहुधा थोडेच असते. होऊन गेल्याचा शोक आणि पुढे होणाऱ्याची चिंता, या दोन ओझ्यांखालीच त्याचा जन्म सरतो. म्हणून 'वर्तमानात राहा, म्हणजे अंतरीचा आनंद लाभेल' हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. परंतु आपल्या मार्गातील विचारवंत साधकास येथे शंका येते. आपला मुख्य विधी स्मरण. आणि स्मरण तर होऊन गेलेल्या लीळांचे. परमेश्वर आज असन्निधानी. त्याचे सन्निधान लाभावे ही आपली आस, ती पुढची. ज्याचे साधन भूतकाळात आणि साध्य भविष्यात, त्याने वर्तमानात राहावे कसे?

शंका खरी आहे. तिचा परिहार 'आठवण' आणि 'स्मरण' यांतील भेद जाणल्याने होतो. आठवण आपोआप येते. स्मरण करावे लागते. आठवणीच्या मध्यभागी 'मी' असतो : माझे गेले, माझा अपमान झाला. स्मरणाच्या मध्यभागी परमेश्वर असतो. लीळा घडली तेराव्या शतकात. तिच्यावर मन ठेवण्याची क्रिया मात्र याच क्षणी घडते. काल केलेले स्मरण आजच्यासाठी पुरत नाही आणि उद्याचे आज करता येत नाही. म्हणून स्मरण हे भूतकाळात जाणे नसून, भरकटलेले मन चालू घडीत परत आणणे होय.

लीळाचरित्राची घडण पाहावी. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर भक्तजन विरहाने व्याकुळ झाले. त्यांनी केवळ शोक केला असता तर आपल्या हाती काहीच आले नसते. म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांच्या साहाय्याने, आणि ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, त्या एकत्र केल्या. स्थान कोणते, जवळ कोण होते, कोण काय बोलले, हे त्यांना सांगता आले. कारण लीळा घडत असता त्या भक्तांचे अवधान तेथेच होते. ज्या क्षणी मन हजर नसते, त्या क्षणाचे पुढे स्मरणही होत नाही. त्या भक्तांच्या अवधानावरच आजचे आपले स्मरण उभे आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात गोदावरीच्या पात्रात आत्मतीर्थ पांचाळेश्वर आहे. श्रीदत्तात्रेय प्रभूंचे शयन माहूरास, भिक्षा कोल्हापुरास आणि भोजन पांचाळेश्वरास, अशी परंपरा सांगते. प्रत्येक वेळेस तिचे स्थान आहे. भोजनाच्या स्थानी शयनाची चिंता नाही. आपण मात्र तेथे दंडवत घालीत असता परतीच्या एस.टी.ची वेळ मोजीत असतो. पैठणच्या नाथसागरातून पाणी सोडले आणि गंगा भरून वाहू लागली, की हे स्थान पाण्याखाली जाते आणि यात्रेकरूस काठावरूनच दंडवत घालावे लागते. स्थान दिसत नाही, पण वंदन उणे होत नाही. असन्निधानातील अनुसरणही असेच आहे.

कोणी म्हणेल, हे भिक्षूस ठीक. त्याने मिळेल ती भिक्षा घ्यावी, संचय करू नये. पण वासनिकाने काय करावे? ज्या जिल्ह्याने 1972 चा दुष्काळ पाहिला, तेथे बियाणे राखून न ठेवणे हे वैराग्य नव्हे, हयगय होय. ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि दिवाळीच्या सुमारास ज्याला कोयता घेऊन, लेकराबाळांसह, कारखान्याच्या वाटेला लागायचे आहे, त्यास 'उद्याचा विचार करू नको' असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. विचार आणि चिंता एक नव्हेत. विचार निर्णयापाशी थांबतो. चिंता निर्णयानंतरही फिरतच राहते. वासनिकाने विचार जरूर करावा, आणि शेजाऱ्याच्या उद्याचा भार आज थोडा उचलावा. तेही वर्तमानातलेच कर्म आहे.

आणखी एक सावधगिरी हवी. खेळात, तमाशात, जुगारातही मन चालू क्षणी गुंगते. तो आनंद नव्हे, विसर होय. क्षणाच्या ठायी स्वतःचा आनंद नाही, आणि अविद्येने वेढलेल्या जीवाच्या ठायीही तो नाही. आनंद परमेश्वराचा; जीवाने केवळ तो घेण्यास हजर असावे. म्हणून परीक्षा एकच : त्या घडीनंतर हाव उणी झाली की वाढली? विसरातून उठलेला अधिक मागतो. स्मरणातून उठलेला थोडक्यात निवतो.

साधकाने एवढेच करावे. स्मरणात मन सुटले, तर सुटल्याचा खेद करीत बसू नये. तो खेदही पुन्हा 'मी'चाच पसारा. मन सुटल्याचे कळले ती घडी हीच परत येण्याची घडी, तेथूनच पुन्हा प्रारंभ करावा.

दंडवत प्रणाम.