हे रक्त कुणासाठी?

कॅन्सरच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्ताबरोबर शरीरभर फिरतात. १८६९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांनी एका मृत रुग्णाच्या रक्तात अशा पेशी पाहिल्या. अब्जावधी रक्तपेशींत त्या मोजक्याच असतात. २०१४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या सहा रुग्णांच्या अशा पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या आणि त्यांवर निरनिराळी औषधे तपासली. हेतू असा, की औषधाची परीक्षा आधी पेशींवर व्हावी आणि रुग्णाचा त्रास वाचावा.

परंतु सर्वांच्या पेशी वाढत नाहीत आणि वाढल्या तरी कित्येक महिने जातात. पसरलेला कॅन्सर तेवढी सवड देतोच असे नाही. त्यामुळे ही पद्धत अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. डॉक्टर रक्त मागतात तेव्हा रुग्णाला वाटते, आता माझे औषध सापडेल. डॉक्टरांना ठाऊक असते, की लाभ झाला तर तो बहुधा पुढच्या कुणाला तरी होईल. मग गप्प राहावे काय? काहीजण म्हणतील, बिचाऱ्याची आशा कशाला मोडायची?

१९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कॅन्सरच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ती वारली. तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढल्या, वैद्यकशास्त्राला त्यांचा फार उपयोग झाला. तिच्या मुलांना मात्र हे वीसेक वर्षांनी कळले. मिळालेले फळ चांगले होते म्हणून न विचारता घेतलेली वस्तू दान ठरत नाही.

खरे सांगितले तर रुग्ण कदाचित नकार देईल. तो त्याचा अधिकार आहे. पण तो 'घ्या' म्हणाला, तर अंथरुणावरचा तो दुबळा माणूस दाता होतो. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेजवळही दुसरे काही नव्हते. पण ती नाणी तिने स्वतः टाकली होती.

आपल्या घरी कुणाला मोठा आजार झाला, की आपण डॉक्टरांना हळूच सांगतो, "त्यांना काही कळू देऊ नका." हे आपण मायेपोटीच करतो. परंतु आईवडिलांपासून सत्य लपविताना, त्यांच्या हातून अजून काही देण्यासारखे असेल तर तेही आपण हिरावून घेत नाही ना, याचा विचार करू या.