पाणी खंय जातला?

एका गावात एक मास्तर होते. तीस वर्षं शहरात गणित शिकवून ते आपल्या कोकणातल्या घरी परतले. घर चांगलं होतं, पण पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला लाकूडफाटा, दुसऱ्या बाजूला शेणी, कोपऱ्यात नारळ आणि मधोमध कोयती, फावडी, टोपल्या. मास्तरांनी ठरवलं, मागच्या परड्यात एक लहानशी खोपी बांधायची. आणि बांधायची ती स्वतःच्या हातांनी.

बायको म्हणाली, "गडी सांगा की. तुमच्या हाताला खडूची सवय."

मास्तर म्हणाले, "खडूने आखलेलं कधी चुकलं नाही. हेही चुकणार नाही."

वैशाखात त्यांनी काम सुरू केलं. घराच्या मागे डोंगराकडे चढत गेलेली जागा होती, तिथे त्यांनी 8 फूट लांब आणि 6 फूट रुंद असा चौकोन आखला. गुण्या नव्हता. मास्तरांनी सुंभ घेतलं, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणलं आणि मोजलं. बरोबर 10 फूट भरलं. दुसऱ्या दोन कोपऱ्यांत ताणलं. तेही 10 फूट. चौकोन काटकोनात बसला होता. मास्तर खूश झाले.

तेवढ्यात गडग्यापलीकडून शेजारचा म्हातारा आला. गाव त्याला तात्या म्हणत असे. तात्याने आयुष्यभर सुतारकाम केलं होतं. आता हात थरथरायचे, म्हणून हत्यारं पोटमाळ्यावर गेली होती. त्याने आखलेल्या चौकोनाकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, पाणी खंय जातला?"

"जाईल की उताराने," मास्तर म्हणाले. तात्या मान हलवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दोन दोन फुटांचे खड्डे खणले. ऐनाच्या मेढी आणल्या. वाळवी लागू नये म्हणून त्यांची बुडं जाळात धरून काळी केली आणि मग खड्ड्यांत पुरली. संध्याकाळी तात्या आला. मेढी हलवून पाहिल्या. घट्ट होत्या. "बरी झाली," तो म्हणाला. "पण पाणी खंय जातला?"

मास्तरांनी मधल्या उंच मेढींवर आढं चढवलं, बांबूचे वासे टाकले, वर रिपा ठोकल्या. जुना गोठा पाडला तेव्हाची मंगलोरी कौलं रचून ठेवली होती, ती शाकारली. झड नैर्ऋत्येकडून येते म्हणून दार पूर्वेला ठेवलं. भिंतींना पावसाचा मार लागू नये म्हणून वळचण चारी बाजूंनी दोन दोन फूट बाहेर काढली. लाकडांना वारा लागावा म्हणून कुडाचा वरचा हातभर भाग मोकळा सोडला. आत माती चोपून शेणाने सारवलं. तात्या रोज येई, प्रत्येक कामाला बरं म्हणे आणि जाताना तेच विचारी.

मास्तर मनात म्हणत, म्हातारा आता एकच एक बोलायला लागला.

मृगाआधी खोपी उभी राहिली. लाकडं, शेणी, नारळ सगळं आत गेलं. पडवी मोकळी झाली. बायकोने पडवीत बसून चहा घेतला आणि म्हणाली, "नाही, जमलं तुम्हाला."

मग पाऊस आला. पहिल्या रात्री तो कोसळतच होता. पहाटे मास्तर कंदील घेऊन खोपीत गेले. वर पाहिलं, तर छपरातून एक थेंब गळत नव्हता. खाली पाहिलं, तर घोट्याएवढं पाणी. डोंगरावरून आलेला लोंढा मागच्या कुडाखालून आत शिरला होता. खालची लाकडं भिजली होती, शेणींचा चिखल झाला होता.

मास्तर खचले नाहीत. पाऊस थांबताच त्यांनी फावडं घेतलं आणि खोपीभोवती हातभर खोल चर खणला. चराचं तोंड उताराकडे काढून दिलं. पुढचा पाऊस आला. चर भरभरून वाहिला. खोपी आतून कोरडी राहिली. मास्तर त्या रात्री निवांत झोपले.

सकाळी खालच्या घरातली काकी दारात उभी होती. ती एकटीच राहायची. रागावली नव्हती. हळूच म्हणाली, "मास्तर, तुमचा पाणी माझ्या परड्यात इला."

मास्तर तिच्याबरोबर खाली गेले. तिथे काकडीची आणि पडवळाची आळी होती. होती, म्हणजे काल होती. बिया वर्षभर राखेत घोळून जपलेल्या. कोंब नुकते दोन पानांवर आले होते. आता तिथे नुसती लाल माती पसरली होती. मास्तरांनी मान वर केली. गडग्यावर त्यांची खोपी दिसत होती. खोपी त्यांनी चारी बाजूंनी पाहिली होती, पण खालून आज पहिल्यांदाच पाहिली.

ते गणिताचे मास्तर. उभ्या उभ्या हिशेब झाला. वळचणीसकट छप्पर 12 फूट बाय 10 फूट. एक इंच पाऊस पडला की त्यावरून पावणेतीनशे लिटरहून जास्त पाणी उतरणार. आणि कोकणात पावसाळ्यात शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. त्यात डोंगराचं पाणी वेगळंच. सगळी मापं त्यांनी घेतली होती. एवढं एकच घेतलं नव्हतं.

ते तात्याकडे गेले. "तात्या, आधीच सांगायचं नाही का?"

तात्या म्हणाला, "मी रोज विचारी होतंय."

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी फावडं उचललं. त्या दिवशी ते चर खणत गडग्याच्या कडेकडेने थेट व्हाळापर्यंत गेले. तात्या काठी टेकून उतार दाखवत होता. काकी घमेल्यातून माती उचलत होती. माती वाहून जाऊ नये म्हणून वळणावर त्यांनी चिऱ्यांचे तुकडे बसवले. संध्याकाळी मास्तरांच्या बायकोने आपल्या घरच्या बिया आणल्या आणि चौघांनी मिळून नवी आळी केली.

श्रावणात काकीचा काकडीचा वेल गडगा ओलांडून खोपीच्या कौलांवर चढला. पहिली काकडी तिथेच धरली.

आपण काही उभारायला घेतो तेव्हा आत काय मावेल, ते कसं टिकेल, याचा हिशेब नीट करतो. आपल्या दारातून जे बाहेर जाणार, ते कुणाच्या दारात जाणार, हे विचारायचं मात्र राहून जातं. म्हणून पहिला खड्डा खणण्याआधी उतरून खालच्या परड्यात जावं, आणि तिथे उभं राहून एकदा आपल्या जागेकडे पाहावं.