आधी कोणाकडे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या चकल्या एका विलक्षण पाठांतराच्या साथीने झाल्या. मी सोऱ्या दाबत होते, बहीण कढईपाशी बसली होती, आणि तिची मुलगी पाटावर मांडी घालून एका जाडजूड पुस्तकातले प्रश्न आम्हाला ऐकवत होती. पुस्तक इंग्रजी, पण आम्हाला कळावे म्हणून ती ते मराठीत सांगे.

"मावशी, ऐक. तू नर्स आहेस. तुझ्या वॉर्डात चार पेशंट आहेत. एकाचा मोडलेला पाय कालच बसवलाय, तो दुखतंय म्हणून ओरडतोय. एका बाईंना आज घरी सोडायचंय, त्या कागदांसाठी घाई करतायत. एकाला मघाशी उलटी झाली. चौथे एक म्हातारे आहेत. सकाळी छान बोलत होते. आता गप्प आहेत, उगाच चादर चाचपतायत आणि आपण कुठे आहोत ते त्यांना सांगता येत नाही. आधी कोणाकडे जाशील?"

मी म्हटले, पाय मोडलेल्याकडे. बहीण म्हणाली, उलटी झालेल्याकडे. भाचीने आम्हा दोघींना तिथल्या तिथे नापास केले.

"म्हातारबाबांकडे. जो ओरडतोय त्याचा श्वास नीट चाललाय, मावशी. चांगला बोलणारा माणूस अचानक गप्प होतो, भ्रमल्यासारखा करतो, तेव्हा त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडत असेल. त्याला वेळ नाही."

बहिणीने चकली उलटली. माझा हात मात्र सोऱ्यावर तसाच राहिला. त्याचे कारण पुढे सांगेन.

ही माझी भाची शिकलेली परिचारिका. आपल्याकडे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची परीक्षा उत्तीर्ण झाले की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवता येते. १९६६ च्या कायद्याने तशी व्यवस्था आहे. ती नोंद हाच परवाना, त्यासाठी निराळी परीक्षा नाही. अमेरिकेत मात्र आहे. तिला ते लोक 'एन्क्लेक्स' म्हणतात. भाचीने त्या परीक्षेसाठी नोकरीतून दोन महिने रजा घेतली होती आणि अकोल्याला येऊन आमच्या माळ्यावर अभ्यासाचे बस्तान मांडले होते. पहाटे अगस्ती ऋषींच्या देवळाकडे जाणारी माणसे तिच्या दिव्याकडे पाहून विचारीत, घरात कोणी आजारी आहे का?

परीक्षा मोठी चमत्कारिक. वेळ पाच तासांची. प्रश्न निदान ८५, जास्तीत जास्त १५०; पण तुमच्या वाट्याला किती येणार हे आधी कोणी सांगत नाही. १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते. उत्तर बरोबर आले की यंत्र पुढचा प्रश्न बहुधा कठीण काढते, चुकले की सोपा. असे करता करता, ही बाई रोग्याजवळ ठेवायला सुरक्षित आहे किंवा नाही याची शंभरात पंच्याण्णव इतकी खात्री झाली की यंत्र आपोआप बंद पडते. पंच्याऐंशीव्या प्रश्नाला बंद पडले तर तुम्ही उत्तम उत्तीर्ण झालेल्या असता, नाही तर साफ नापास. कोणते, ते पडद्यावर लिहिलेले नसते.

मी स्वतः दहावीच्या पुढे गेले नाही. बालवाडीत शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. दोन्ही कामांसाठी माझ्याकडे कोणी परवाना मागितला नाही. वाईट कादंबरीने माणूस मरत नाही, फार तर झोपतो. त्यामुळे परीक्षांकडे मी थोडी तुच्छतेनेच पाहत आले. त्या रात्री चकल्यांचा डबा भरताना मी तिला म्हटले, "तुझ्या या यंत्राला माया मोजता येते का? रोग्याला औषधाआधी मायेचा हात लागतो. त्याची परीक्षा कुठे आहे?"

हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हे, हे मला पुढे वाचताना समजले. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे मत जवळपास असेच होते. १८८७ साली इंग्लंडमध्ये श्रीमती बेडफर्ड फेनविक यांनी परिचारिकांची संघटना काढली आणि परिचारिकांची अधिकृत नोंदवही हवी असा आग्रह धरला. नाइटिंगेल बाईंनी त्याला कसून विरोध केला. परीक्षेने पुस्तकी ज्ञान कळेल, शील कसे कळणार, असे त्यांचे म्हणणे. आणि एकदा नाव नोंदले गेले की चांगली आणि सुमार यांत भेद उरणार नाही, हे भय. इस्पितळातील मृत्यूंचे आकडे मांडून सरकारला जागे करणारी ही बाई, पण परिचारिकेला मोजायला तयार नव्हती! वाद तीस वर्षे चालला. न्यूझीलंडने १९०१ मध्येच नोंदणीचा कायदा केला. इंग्लंडमध्ये तो १९१९ साली झाला. तोवर नाइटिंगेल बाईंना जाऊन नऊ वर्षे लोटली होती.

मला त्या बाईंचे म्हणणे फार दिवस पटत होते. पण आपल्याकडे पाहिले की ते अडखळते. नाइटिंगेल बाई श्रीमंत घरच्या. त्यांच्या शीलाबद्दल शंका घेण्याची कोणाची छाती नव्हती. रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवायला सुरुवात केली तेव्हा त्यांत विधवाही होत्या, आणि समाज शंका घेत होता ती नेमकी त्यांच्या शीलाबद्दलच. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणार, रात्रपाळी करणार, ही कसली सेवा? अशा बाईला 'तुझी माया हाच तुझा दाखला' असे सांगणे म्हणजे तिला उघड्यावर सोडणे. तिच्या हातात परीक्षेचा कागद होता म्हणून ती मान वर करून उभी राहू शकली. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली आला, त्याने रोग्याचे रक्षण झाले असेल; मला वाटते, त्याहून अधिक रक्षण अशा बायकांचे झाले.

सुईणीचे काय, असे कोणी विचारील. मला या जगात आणले ते एका सुईणीने. तिला अक्षर येत नव्हते, आणि तिच्या हाताला यश आहे असे सगळी वाडी म्हणे. मीही पुष्कळ वर्षे म्हणत असे. पण तिचे यश सांगणारे आम्ही सगळे जगलेले. ज्यांच्या वेळी तिचा अंदाज चुकला, त्यांची साक्ष कोण देणार?

असो. माझा हात सोऱ्यावर का थांबला, ते सांगायचे राहिले आहे.

२००९ च्या पावसाळ्यात आमचे अण्णा आवणी उरकून आले ते थकूनच. पायांवर सूज होती. चिखलात उभे राहून येते तशी असेल, असे आम्ही समजलो. मी त्यांना एका बाजारगावच्या लहानशा दवाखान्यात नेले. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. आमच्या भागात अंगात ताकद येण्याचा एकच उपाय लोकांना ठाऊक, तो म्हणजे सलाईनची बाटली. अण्णांनीच ती मागितली. डॉक्टरांनी होकार दिला आणि ते दुसऱ्या गावच्या रोग्याकडे निघून गेले. मागे राहिली कामाला ठेवलेली मुलगी. ती कुठे शिकलेली नव्हती. पाहून पाहून सुया टोचायला शिकली होती. पण काय गोड मुलगी! अण्णांना 'आजोबा' म्हणे, त्यांच्या पाठीला उशी दिली, स्वतःच्या डब्यातली भाकरी विचारली.

शेजारच्या खाटेवर कपाळ फुटलेले एक पोर आक्रोश करीत होते. ती मुलगी त्याला मांडीवर घेऊन बसली. मुलांच्या रडण्याची मला सवय. मीही उठून त्याच्यासाठी बालवाडीतली गाणी म्हणू लागले. अण्णा गप्प होते. मधेच म्हणाले, "पोरी, चारची एसटी चुकेल." तिने हसून नळीवरची चक्री सैल केली. म्हाताऱ्या माणसाची खोटी होऊ नये, एवढाच तिचा हेतू. बाटली तासाभरात संपली. अण्णा थोडे खोकत होते. एसटी मिळाली.

रात्री त्यांना आडवे होता येईना. छातीतून पाण्यासारखा आवाज येऊ लागला. जीप करून संगमनेरकडे निघालो. पोचण्याआधीच सगळे आटोपले.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी भेटायला आली आणि उंबऱ्यातच कोसळून रडली. आमच्यापैकी कोणी तितके रडले नव्हते. भावाच्या मनात तक्रार करायचे होते. मीच त्याला थांबवले. म्हटले, लेकरू आहे, मायेपोटी चुकली, तिचा संसार कशाला मोडायचा? मी तिला जवळ घेतले, चहा पाजला, एसटीपर्यंत पोचवले. त्या दिवशी मला माझा मोठेपणा वाटला, हेही लपवत नाही. ती पुढे कित्येक वर्षे त्याच दवाखान्यात होती. अजून बाजारात भेटली की माझ्या गुडघ्यांची चौकशी करते.

भाचीने तो चार रोग्यांचा प्रश्न विचारला तेव्हा मला त्या दवाखान्यातल्या दोन खाटा दिसल्या. आणि मग उंबराही दिसला. ती रडत होती, म्हणून मी तिच्याकडे गेले. त्या मुलीच्या हाताखाली पुढे येणारे रोगी गप्प होते, कारण ते अजून आलेलेच नव्हते.

माया खोटी होती असे मी कधीच म्हणणार नाही, तिचीही आणि माझीही. पण मायेला आवाजाच्या दिशेने जायची खोड आहे. जो गप्प आहे त्याच्याकडे पाय वळायला काहीतरी माहीत असावे लागते, आणि ते माहीत आहे की नाही हे कोणीतरी परक्याने, ओळखदेख न धरता, विचारावे लागते. ते यंत्र विचारते. चांगल्या घरची आहेस का, हसतेस कशी, हे त्याला दिसत नाही, हेच बरे.

याचा अर्थ परीक्षा दिली की सगळे साधले असा नाही. उत्तरे घोकून आलेल्या आणि रोग्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि एक प्रश्न तर बहिणीने अगदी सहज विचारला, तो त्या जाड पुस्तकात कुठेच नव्हता. "तू अमेरिकेला गेलीस," ती म्हणाली, "तर आपल्या घाटघर-रतनवाडीकडच्या माणसांकडे कोण जाईल? तीही गप्पच असतात की." भाची बराच वेळ बोलली नाही. तिच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होते. "याचं उत्तर मला येत नाही, आई," ती शेवटी म्हणाली. मलाही येत नाही.

जानेवारीत तिने मुंबईला जाऊन परीक्षा दिली. यंत्र पंच्याऐंशीला बंद पडले. ती उत्तीर्ण झाली आहे. पुढचे कागद व्हायचे आहेत.

अभ्यासाच्या त्या दोन महिन्यांत मला एकच प्रश्न सोडवता आला होता, कारण ते माझ्या मॅट्रिकच्या त्रैराशिकाचे गणित होते. पाचशे मिलिलिटरची बाटली, मिलिलिटरला वीस थेंब पाडणारी नळी, चार तासांत द्यायची. तर मिनिटाला थेंब किती? पाचशे गुणिले वीस, दहा हजार थेंब. चार तासांची मिनिटे दोनशे चाळीस. भागाकार एक्केचाळीस आणि वर काही, म्हणजे बेचाळीस. भाचीने टाळ्या वाजवल्या होत्या.

ती मुंबईहून परत आली त्या संध्याकाळी मी बालवाडीची पाटी घेतली आणि तेच गणित एका तासाचे करून पाहिले. एकशे सदुसष्ट आले. पाटी तिच्यापुढे ठेवली. हे कोणाचे गणित, ते तिला सांगावे लागले नाही. तिने बोटाने आकडे पुन्हा तपासले.

"थकलेलं हृदय आणि पायांवर सूज असेल तर बेचाळीसही जास्तच, मावशी. मुळात बाटलीच लावायची नाही." मग पाटी पुसत म्हणाली, "त्या ताईला हे कोणी कधी विचारलंच नसेल गं."