चार चांगले कपडे

गेल्या दिवाळीपूर्वी आम्ही आमचे कपाट रिकामे केले, तेव्हा त्यातून १९ सदरे निघाले. त्यांपैकी नित्य वापरातले ५. उरलेल्यांत कित्येकांचा रंग उडालेला, कित्येक आटून आखूड झालेले, आणि काही तर केवळ स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले. मनुष्याने मोजके, साधे परंतु उत्तम कापडाचे कपडे बाळगावे, असा उपदेश हल्ली वारंवार कानी येतो. तो नीतीचा आहे की निव्वळ व्यवहाराचा, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे.

व्यवहार म्हणून त्याची योग्यता निर्विवाद आहे. कापड उजेडाकडे धरून पाहावे. वीण दाट व सारखी असावी. टीप बारीक असावी. शिवणीत थोडी माया सोडलेली असावी. आमच्या आजीच्या पिढीस हे शिकवावे लागत नसे. लुगडे मध्ये विरले म्हणजे तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडीत, त्यास दंड घालणे म्हणत. पुढे त्याचीच वाकळ होई. परंतु दंड सोसेल असे कापड मुळात असावे लागते. चार धुण्यांत ज्याचा जीव जातो, त्याला काटकसर तरी कशी लावावी?

येथवर ठीक आहे. पण ‘साधेपणा’ हा शब्द आला की आम्ही बिचकतो. फ्रेंच लेखक दिदरो यास एक उंची लाल झगा मिळाला, तेव्हा त्याच्याशेजारी घरातली जुनी खुर्चीही त्यास दरिद्री दिसू लागली व एकेक वस्तू बदलणे आले, असे त्यानेच लिहून ठेविले आहे. म्हणजे एक चांगली वस्तू मोहाचा शेवट करील, अशी खात्री नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली गरजेची जी व्याख्या केली ती आम्हांस अधिक मार्मिक वाटते. ग्रीक व रोमन लोक तागाच्या सदऱ्यावाचून सुखाने राहिले; परंतु त्याच्या काळच्या युरोपात मजुरालाही त्यावाचून चारचौघांत जाण्याची लाज वाटे, म्हणून तो सदरा ही गरजच होय, असे तो म्हणतो. कपड्याची गरज अंगापेक्षा लोकांच्या दृष्टीने अधिक ठरते. ज्याची प्रतिष्ठा आधीच पक्की आहे, त्याने तोच सदरा आठवड्यातून दोनदा घातला तर तो साधा ठरतो. गरिबाने घातला तर तो गरीबच.

आणि किंमत? सन १९२१ मध्ये मदुरेच्या वाटेवर गांधीजींनी सहप्रवाशांस खादीविषयी विचारले, तेव्हा ती महाग आहे, आम्हांस परवडत नाही, असे उत्तर त्यांस मिळाले. त्यांनी त्यांस उपदेश न करता स्वतःचेच वस्त्र कमी करून पंचा नेसला. उलट पक्षी स्वस्ताईचा हिशेबही कोणीतरी भरीतच असते: २०१३ साली ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे दगावली, ती बहुतेक परदेशी बाजारासाठी कपडे शिवणारी होती.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंना आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले, “दर सणाला हलके पातळ घेण्यापेक्षा वर्षातून एकच चांगले घ्या.” त्या हसून म्हणाल्या, “साहेब, वर्षाचे पैसे एकदम हातात येतात कुठं?” आम्ही ओशाळलो. त्याच आठवड्यात घेतलेल्या आमच्या ‘साध्या’ सदऱ्याची किंमत त्यांच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास होती. त्यांना शहाणपण शिकवण्याची गरज नव्हतीच. रोकड हवी होती, आणि ती देणे आमच्याच हाती होते.

आम्ही तीन महिन्यांचा पगार आगाऊ दिला, वर दिवाळीचे वेगळे. त्यांनी एक चांगले पातळ न घेता दोन मध्यम प्रतीची घेतली, एक स्वतःला व एक मुलीला. यावर काहीतरी बोलावे असे आमच्या अगदी ओठावर आले होते. पातळांचे काठ मात्र सुरेख होते, तेवढेच बोललो.