सेनापतीची तलवार

पांढरकवड्याला मी इतिहास शिकवते. १८१८ च्या इंग्रज-मराठा युद्धाचा धडा आला की वर्गात प्रश्न ठरलेला: "बाई, बाजीराव स्वतः लढले का?" शिवणी इथून जवळच. १७ एप्रिलला तिथं इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सनं दुसऱ्या बाजीरावांच्या उरल्यासुरल्या फौजेची दाणादाण उडवली. पेशवे निसटले, आणि ३ जूनला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले.

त्याच साली २० फेब्रुवारीला, आष्टीला, पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांच्या जनरल स्मिथच्या घोडदळावर जातीनं तुटून पडले. स्मिथ जखमी झाला. बापू मात्र पडले ते उठलेच नाहीत. सरदार पडला की फौज पांगायची, तशी ती पांगली. साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले.

रोमचा सेनापती मार्सेलसही असाच स्वतः पुढं होऊन लढणारा. इ.स.पू. २२२ मध्ये त्यानं गॉलांच्या राजाला स्वतःच्या हातानं मारलं. इ.स.पू. २०८ मध्ये मोजके स्वार घेऊन टेहळणीला गेला आणि हॅनिबलच्या माणसांनी त्याला दबा धरून गाठलं.

मग सेनापतीचा धर्म कोणता? माझ्या मते, त्याचा जीव त्याच्या एकट्याचा नसतो. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी विजापूरच्या बहलोलखानावर चालून गेले. त्यांच्यापुढं मान लवते. पण तो निर्णय बरोबर होता, असं मी मुलींना सांगत नाही. आणि रणात राहायला शस्त्र चालवावंच लागतं असंही नाही: कुरुक्षेत्रावर श्रीकृष्णानं शस्त्र न धरण्याचं ठरवलं होतं, तरी त्याचा रथ भर बाणांच्या माऱ्यात होता. बाजीरावांवर माझा राग आहे, तो तलवार न चालवल्याचा नाही. शिवणीला माणसं मरत असताना त्यांनी घोडा वळवला, त्याचा आहे.