शेजाऱ्याचा विवाह



दुष्काळात माण सोडून पोटासाठी परमुलखी जाणे आम्हांस नवे नाही. म्हणून परक्यावर जुलूम करू नये, ही मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा आमच्या अंतःकरणास भिडते.

दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात मजुरीस गेलेले हिंदी लोक करार संपल्यावर तेथेच राहिले, तर त्यांस दरसाल ३ पौंड कर पडे. पुढे मार्च १९१३ मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात अनेक बायका करण्यास मोकळीक आहे, त्याच्या विधीने झालेला विवाह कायदा मानीत नाही. हिंदू व मुसलमान पत्नींचा मान गेला. ख्रिस्ती विवाह मात्र सुरक्षित राहिला.

तेव्हा स्त्रियांनी व मजुरांनी कोणावर हात न उगारता कायदा मोडिला आणि तुरुंग पत्करिला. वल्लिअम्मा नामक सोळा वर्षांची मुलगी तुरुंगात जडलेल्या तापाने फेब्रुवारी १९१४ मध्ये मरण पावली. त्याच वर्षी कर उठला व ते विवाह मान्य झाले.

ज्यांस कायद्याने काही उणे पडत नाही, त्यांनी काय करावे? १९०८ साली जोहान्सबर्ग येथे गांधींस मारहाण झाली, तेव्हा बाप्तिस्ट पाळक जोसेफ डोक यांनी शोमरोनी मनुष्याप्रमाणे त्यांस आपल्या घरी नेऊन शुश्रूषा केली.

बंधुजनहो, जो नियम आम्हांस राखून शेजाऱ्यास तुडवितो, त्यात आमचीच परीक्षा असते. आमची घागर भरली आणि शेजारणीची रिकामी राहिली, तर आम्ही गप्प बसू नये. प्रभु आम्हांस ते धैर्य देवो. आमेन.