घडविणे, देणे आणि सोडणे

गणेशोत्सवातील एक लहानसा प्रसंग आमच्या मनात अद्याप घोळत आहे. आमच्या परिचयातील एका घरी आठ-नऊ वर्षांच्या मुलीने आजीच्या देखरेखीखाली शाडूच्या मातीची वीतभर उंचीची गणेशमूर्ती स्वहस्ते घडविली. सोंड किंचित वाकडी, एक कान दुसऱ्याहून मोठा. परंतु त्या घराने दुसरी मूर्ती आणली नाही. तिचीच प्रतिष्ठापना झाली, तिच्याच पुढे आरती झाली. पाचव्या दिवशी विसर्जनासाठी पाण्याने भरलेली बादली पुढे आली, तेव्हा ती मुलगी मूर्ती उराशी धरून बसली. 'मी केलेला बाप्पा मी बुडवू देणार नाही,' असे म्हणून ती रडू लागली. तिची आई सासूबाईंना म्हणाली, 'राहू द्या ना आई, तिच्या हातची पहिली मूर्ती आहे. आठवण म्हणून कपाटात ठेवू.' आजी म्हणाल्या, 'अगं, उत्तरपूजा झाली. आता ठेवायचे ते काय?'

वरवर पाहता हा सासू-सुनेतील एक क्षणाचा मतभेद. परंतु विचार करू लागल्यावर आम्हांस असे वाटू लागले की, त्या दोघींच्या बोलण्यात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. मायेने घडविलेली वस्तू जपून ठेवणे हा तिचा सन्मान, की योग्य वेळी तिला सोडून देणे हा? दोन्ही बाजूंना प्रेमच आहे. म्हणूनच निर्णय कठीण आहे.

हा प्रश्न आज विशेष निकडीचा होण्यास कारणही आहे. घरोघरी मातीकाम करण्याची आवड पुन्हा वाढीस लागली आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतील आपल्या खानदेशी कुटुंबांपासून अडाजणच्या सोसायट्यांपर्यंत मुले-मुली शाडूचे गणपती करतात, गृहिणी पणत्या रंगवितात, कोणी तुळशीवृंदावन घडविते, तर कोणी तान्ह्या बाळाच्या पावलाचा ठसा मातीत घेऊन तो चौकटीत बसविते. वाढदिवसाला अथवा भाऊबीजेला बाजारातील वस्तूऐवजी हातची वस्तू द्यावी, असे अनेकांस वाटू लागले आहे. ही गोष्ट स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु जे कर्म स्तुत्य आहे, त्याचेही मर्म समजून घ्यावे लागते.

प्रथम आपली परंपरा काय करीत आली ते पाहू. हरितालिकेच्या दिवशी आमच्या माता-भगिनी स्वतःच्या हातांनी वाळूची पिंडी करतात. तिची पूजा होते, रात्रभर जागरण होते, आणि दुसऱ्या दिवशी ती पिंडी पाण्यात मोडते. आजवर कोणा स्त्रीने ती पिंडी कपाटात ठेवल्याचे आम्ही ऐकलेले नाही. त्याच दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध चतुर्थीस, ज्याची पूजा होते त्या गणेशास 'पार्थिव' म्हणतात, कारण तो पृथ्वीचा म्हणजे मातीचा असतो. खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई मांडतात, महिनाभर गाणी गातात, खाऊ ओळखण्याचा खेळ खेळतात. अखेरीस गुलाबाईचेही विसर्जन होते. ज्या गुजरात-भूमीत आपण राहतो, तेथे नवरात्रात छिद्रांकित मातीच्या घटात दिवा ठेवून गरबो स्थापितात. नवरात्र सरल्यावर तो देवीच्या मंदिरी नेऊन ठेवतात किंवा पाण्यात सोडतात. एवढ्या चालींमध्ये एक सूत्र सारखेच दिसते: मातीचे रूप घ्यावे, त्यात भाव ओतावा, आणि मग ते रूप मागे घेऊ द्यावे. ही माणसे प्रेमात उणी होती असे कोण म्हणेल? वस्तूवरील प्रेम आणि वस्तूची मालकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वर्षातून अनेकदा हातांनाच शिकविण्याची ती योजना होती, असे आम्हांस वाटते.

परंतु याच परंपरेत दुसरी बाजूही आहे. पणती आपण विसर्जित करीत नाही. अक्षय तृतीयेस पितरांच्या नावाने भरलेली घागर उन्हाळाभर पाणी गार ठेवते. या दोन प्रकारच्या वस्तूंत भेद कोठला? तो मातीतच आहे. कच्ची माती वाळली तरी पाण्यात घातल्यावर पुन्हा माती होते. तीच माती आव्यात घातली, सुमारे 600 अंश सेल्सियसच्या पुढे तापली, की तिच्या कणाकणांत बद्ध असलेले पाणी कायमचे निघून जाते. मग ती कितीही भिजविली तरी पुन्हा चिखल होत नाही. भाजणे हा परत न फिरविता येणारा निर्णय आहे. म्हणून कुंभार आधी ठरवितो आणि मग भाजतो. आम्हांस वाटते, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. देवासाठी घडविले ते कच्चे ठेवावे, कारण ते परत द्यावयाचे आहे. माणसाच्या उपयोगासाठी घडविले ते भाजावे, कारण ते टिकावयाचे आहे. ठेवणे चूक नाही आणि सोडणेही चूक नाही. परंतु जे सोडण्यासाठी घडविले ते ठेवण्याचा हट्ट धरणे, ही चूक आहे.

आधुनिक काळाने येथे एक घोटाळा करून ठेवला आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती जी हलकी आणि रेखीव दिसते, ती भाजलेल्या जिप्समच्या भुकटीची असते. पाणी मिळताच ती भुकटी घट्ट होते आणि नंतर पाण्यात पडूनही लवकर विरघळत नाही. म्हणजे ती विसर्जनासाठी आणलेली, परंतु विसर्जित न होणारी वस्तू होय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मधील आपल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्ती नकोत, नैसर्गिक मातीच्या असाव्यात असे सांगितले आहे. आपल्या सुरत महानगरपालिकेसही तापीचे पाणी वाचविण्यासाठी विसर्जनाचे कृत्रिम तलाव उभारावे लागतात. दुसरीकडे, भेटवस्तू करण्यासाठी 'पॉलिमर क्ले' नावाचा जो रंगीत लगदा विकला जातो, तो मुख्यतः पीव्हीसी नावाचे प्लॅस्टिक असते. नाव मातीचे, अंगी मातीचा अंश नाही. मुलांच्या हाती काय देतो याचा पालकांनी एवढा तरी विचार करावा.

येथे कोणी विचारील: ठेव जपण्याची इच्छा माणसाच्या मुळातच नाही काय? आहे, आणि तिचा उपहास करण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक पेटी मिळाली. तिच्यात कच्च्या मातीची, शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती होती आणि सोबत मातीचा एक बैल होता. त्या घरातील माणसांची नावे, भाषा, आशा-आकांक्षा सर्व काही लोपले. कोणाच्या तरी बोटांनी घडविलेली ती माती मात्र आपल्यापर्यंत आली. परंतु लक्षात घ्यावे की ती त्यांनी मिरविण्यासाठी फळीवर मांडलेली नव्हती. भूमीच्या स्वाधीन केली होती.

आणि फळीवर मांडलेल्या वस्तूंचे काय होते, हे सुरतकरांस वेगळे सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीचा पूर शहरभर पसरला, त्या वेळी कित्येक घरांतील आल्बम, लग्नातील साड्या, मुलांची प्रगतिपुस्तके, पिढ्यान्‌पिढ्यांची देवघरे चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर घराघरांतून गाळ उपसताना ज्यांनी अश्रू ढाळले, त्यांचे दुःख खरेच होते. त्यांस 'वस्तूंचा मोह सोडा' असे सांगणे हा निर्दयपणा झाला असता. तरीही त्या घरांतील माणसे पुढे उभी राहिली ती वस्तूंच्या बळावर नव्हे. गेलेल्या देवांच्या जागी त्यांनी नवे देव मांडले, आणि आजीचे हात जे करीत होते ते नातीच्या हातांनी पुन्हा केले. जे पुरात वाहून गेले नाही तीच खरी ठेव होती.

आता दानाचा विचार. हाताने केलेली भेट देताना आपण एक सूक्ष्म अपराध नकळत करतो. बाजारातील वस्तू आवडली नाही तर घेणारा ती निःशंकपणे दुसऱ्यास देऊ शकतो. परंतु 'मी स्वतः केले आहे हं!' असे म्हणून दिलेले वाकडे फुलपात्र त्या बिचाऱ्यास टाकता येत नाही. घरी पाहुणा येणार असला की ते शोधून पुढे मांडावे लागते. अशी भेट म्हणजे भेट नव्हे, ते कौतुकाचे कर्ज होय, आणि त्याचे व्याज तो वर्षानुवर्षे भरीत राहतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण सांगितले आहे, त्याचा आशय असा की, देणे कर्तव्य म्हणून द्यावे आणि परतफेडीची अपेक्षा धरू नये. कौतुकाची अपेक्षा हीही परतफेडच आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, हातची वस्तू द्यावी ती फोडण्याच्या परवानगीसह द्यावी. शक्यतो वापरात झिजणारी वस्तू द्यावी: पणती, धूपपात्र, चिमण्यांसाठी पाण्याचे परळ. ती फुटली तर देणाऱ्याने हसून म्हणावे, 'बरे झाले, आता दुसरी करीन.' ज्यास हे म्हणता येते, त्याने खरोखर दिले.

आणखी एक आक्षेप आमच्या कानी आला आहे. प्रत्येक घर पणत्या करू लागले तर कुंभाराने काय खावे? प्रश्न न्याय्य आहे. परंतु ज्याने एकदा तरी माती मळून पाहिली आहे, सगळीकडे सारखी जाडी न राहिल्यामुळे वाळताना भेगा पडलेल्या पाहिल्या आहेत, घाईने उन्हात ठेवलेली मूर्ती तडकल्याचे दुःख सोसले आहे, तो पुढच्या दिवाळीत रस्त्यावर बसलेल्या प्रजापती कुटुंबाशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणार नाही. मातीकाम करू पाहणाऱ्यांनी माती त्याच्याकडूनच घ्यावी, भाजण्याचा मोबदला त्यासच द्यावा, आणि मुलांना त्याच्या चाकापुढे नेऊन बसवावे. हात मातीत घातल्याने गर्व वाढता कामा नये, तो गळावा. तेरचे संत गोरोबा कुंभार यांची कथा सर्वश्रुत आहे. थापटण्याने मडकी पारखावी तशी त्यांनी जमलेल्या संतांची डोकी पारखली, आणि रागावलेल्या नामदेवांस कच्चे मडके ठरविले. नामदेवांचे मोठेपण असे की, त्यांनी तो निर्णय अखेरीस मान्य केला आणि ते गुरूच्या शोधास निघाले. आपल्या हातच्या वस्तूवर कोणी थापटणे मारले, तर आपला आवाज कसा येतो?

उद्दालक ऋषींनी आपला पुत्र श्वेतकेतू यास उपदेश करताना मातीच्या गोळ्याचाच दृष्टांत घेतला, अशी कथा छांदोग्य उपनिषदात आहे. घट, परळ, दिवा ही नावे निरनिराळी. गोळा ओळखला की सर्व ओळखले. विद्वानांनी यावर ग्रंथ लिहिले आहेत. आम्हांस मात्र वाटते की, ज्या बालकाने एकाच गोळ्यातून सकाळी उंदीर, दुपारी मोदक आणि सायंकाळी गणपती केला, त्यास या दृष्टांताचा पहिला पाठ कोणी न शिकविता मिळून गेला.

असो. त्या घरी पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. आजींनी नातीवर बळजबरी केली नाही. त्यांनी तिला विचारले, 'बाप्पाला घरी नेताना कोण पोचवते?' थोड्या वेळाने ती मुलगी उठली आणि रडतरडतच तिने आपल्या हातांनी मूर्ती बादलीत सोडली. नदीकाठी विसर्जन झाल्यावर पाटावर मूठभर वाळू घेऊन घरी परतण्याची आपली चाल आहे. त्याच चालीने आजींनी दुसऱ्या दिवशी वरचे पाणी निवळल्यावर ते तुळशीस घातले, खालची माती कापडावर वाळविली आणि एका डब्यात भरून नातीच्या हाती दिली. आईनेही आपला हट्ट अगदीच सोडला नाही, आणि तो सोडावयास हवा होता असे आम्ही म्हणणार नाही. दिवाळीपूर्वी कुंभाराकडून माती आणून मायलेकींनी मिळून एक पणती केली व त्याच्याच भट्टीत भाजून घेतली. तिच्या काठावर त्या मुलीच्या अंगठ्याचा ठसा आहे. ती पणती पेटते, काळवंडते, आणि एखाद्या दिवाळीत फुटेलही.

मूर्ती कपाटात राहिली असती, तर त्या मुलीजवळ एका भाद्रपदाची आठवण राहिली असती. डब्यातील मातीत पुढच्या भाद्रपदाचा गणपती आहे, आणि तो या वेळी कसा होईल हे तिलाही ठाऊक नाही. सोंड कदाचित सरळ येईल. न आली तरी, आमच्या मते, काही बिघडणार नाही.